आभाळाची निळाई मोजायचं चक्र : कामाच्या नोंदी

28 फेब्रुवारी

आज विज्ञान दिन. पोरगी नववीत आहे, तिला शाळेत रामन यांच्यावर बोलायचं होतं म्हणून काल रात्री आम्ही दोघं बसून वाचत होतो आणि त्यातनंच हे सगळं सुरू झालं. गोष्ट 1921 ची. रामन इंग्लंडहून बोटीनं परत येत होते आणि भूमध्य समुद्राचं ते गडद निळं पाणी बघून त्यांना चैन पडेना. तोपर्यंत इंग्रज शास्त्रज्ञ रॅले यांचं म्हणणं सगळ्यांनी धरलेलं, की समुद्र निळा दिसतो तो आभाळाच्या प्रतिबिंबामुळं. रामन यांच्याजवळ एक छोटं प्रिझम होतं, त्यातनं बघून त्यांनी पाण्यावरचं प्रतिबिंब कापून टाकलं तरी पाणी निळंच, उलट जास्तच निळं. म्हणजे खोल समुद्राला स्वतःची निळाई आहे. त्याच वाटेनं पुढं जात 28 फेब्रुवारी 1928 ला रामन परिणामाचा शोध लागला आणि 1930 ला नोबेल.

वाचून झाल्यावर पोरगी म्हणाली, "पप्पा, मग आपला रंकाळा? त्याची निळाई स्वतःची का आभाळाची?"

चाळीस वर्षं कोल्हापूरच्या या रंकाळा तलावावर फिरतोय, हा प्रश्न कधी डोक्यात आला नव्हता. ठरलं, की सुट्टीच्या दिवशी जाऊन बघायचं, आणि नुसतं बघायचं नाही तर मोजायचं. वही केलीय. ही पहिली नोंद.

2 मार्च

निळं मोजायचं कशानं? मोबाईलचा कॅमेरा चालत नाही, तो आपापलाच रंग दुरुस्त करत बसतो, एकाच आभाळाचे तीन फोटो तीन रंगाचे आले. मग शोधताना सोस्यूर नावाचा माणूस सापडला, जिनिव्हाचा, आल्प्स चढणारा. त्यानं 1789 ला सायनोमीटर केलं. पुठ्ठ्याची गोल चकती, कडेनं 53 छटा, पांढऱ्यापासून सुरू होऊन निळ्यातनं जात काळ्यापर्यंत. चकती आभाळासमोर धरायची, जी छटा जुळेल तो आकडा लिहायचा, एवढंच. माँ ब्लांच्या शिखरावर त्याचा आकडा 39 आला होता, आणि पुढं हम्बोल्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं तसलंच चक्र घेऊन 1802 ला दक्षिण अमेरिकेत चिंबोराझो डोंगरावर 46 मोजला. जितकं उंच तितकं आभाळ गडद, हे त्या कागदाच्या चकतीनं आकड्यात दाखवलं.

आणि सोस्यूरनं पट्ट्या रंगवल्या होत्या कशानं? प्रुशियन ब्लूनं. हे वाचलं आणि मी उठून उभाच राहिलो. उद्यमनगरात आमच्या मशीन शॉपमध्ये कपाटात ही ट्यूब कायम असते. ब्लू मॅचिंग करतो आम्ही. सर्फेस प्लेटवर, म्हणजे एकदम सपाट पाटीवर, ब्लूचा अगदी पातळ हात मारायचा, त्यावर जॉब, म्हणजे बनवायचा भाग, ठेवून हलकेच फिरवायचा, उचलला की जिथं जिथं टेकतो तिथं निळे ठिपके. तेवढेच ठिपके स्क्रॅपरनं खरवडायचे, परत ब्लू, परत ठिपके, असं करत करत पृष्ठभाग सपाट होतो. तेवीस वर्षं बोटाला लागलेला तो निळा रंग, त्यानंच एका माणसानं आभाळ मोजलंय. मला त्या रात्री झोप लागली नाही हे खरं लिहितोय.

त्या रंगाचा जन्मही वाचला. 1700 नंतर चारपाच वर्षांनी, बर्लिनमध्ये. डीसबाख नावाचा रंगारी किड्यांपासून लाल रंग करत होता, त्यासाठी लागणारा पोटॅश त्यानं दुसऱ्याकडनं आणला, तो जनावरांच्या अंशानं बिघडलेला निघाला आणि लालच्या जागी भांड्यात निळं खाली बसलं. लोखंड आणि सायनाइड एकमेकांत असे घट्ट अडकलेले असतात की तो रंग विषारी राहत नाही, उलट थॅलियमची विषबाधा झालेल्या माणसाला औषध म्हणून हाच देतात.

4 मार्च

पहिली चकती वाया गेली. शॉपमधला ब्लू तेलातला असतो, कागदावर डाग पसरला. जलरंगाची प्रुशियन ब्लूची ट्यूब आणली, ड्रॉइंगचा जाड कागद आणला.

5 मार्च

आज पद्धत बसली. अंदाजानं रंग कालवला की पायऱ्या सारख्या पडत नाहीत, पाचवी आणि सहावी एकच दिसतात आणि सातवी एकदम उडी मारते. म्हणून एका बाटलीत रंगाचं पक्कं पाणी केलं आणि ड्रॉपरनं थेंब मोजले. पोरीनं सुचवलं की थेंब एकेक वाढवायचे नाहीत, आधीच्या थेंबांच्या ठरावीक पटीनं वाढवायचे, कारण फिकट रंगात एक थेंब लगेच कळतो आणि गडद रंगात कळतच नाही. करून बघितलं तर खरंच पायऱ्या सारख्या दिसायला लागल्या. 53 आमच्यानं होणार नाहीत, 24 केल्या. 0 म्हणजे कोरा कागद, 23 म्हणजे जवळजवळ काळा. 18 च्या पुढं काळा मिसळावा लागला. चकती शॉपमधल्या भंगारातल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवली, मधे भोक पाडलं, त्यातनं आभाळ बघायचं.

9 मार्च

रंकाळा. सकाळी साडेनऊ. संध्यामठाच्या बाजूला बसलो.

आधी अडचण. चकती सावलीत धरली की सगळ्या पट्ट्या गडद वाटतात आणि आभाळाचा आकडा कमी येतो, उन्हात धरली की जास्त येतो. सहासात वेळा करून नियम केला: सूर्य पाठीमागं, ऊन चकतीवर सरळ पडलं पाहिजे, बघायचं पश्चिमेकडं, आणि दोघांनी वेगवेगळं बघून आकडा मनात ठेवायचा, मग एकदम सांगायचा. दोघांत एकापेक्षा जास्त फरक आला तर ते रीडिंग रद्द.

डोक्यावरच्या आभाळाचं 11. अर्ध्यावरचं 8. खाली कडेला, झाडांच्या वर लगेच, 3. तीन! म्हणजे आपण ज्याला सरसकट निळं आभाळ म्हणतो ते खाली जवळजवळ पांढरं असतं आणि आपल्याला दिसतच नाही कारण आपण बघतच नाही.

कारण असं. हवेतल्या रेणूंवर आदळून उजेड विखुरतो, आणि उजेडाच्या लाटेची लांबी जितकी आखूड तितका जास्त, चौथ्या घातानं. 450 नॅनोमीटरचा निळा हा 650 च्या लालपेक्षा चारपटीहून जास्त विखुरतो. म्हणून सगळीकडनं निळा येतो. पण कडेला बघताना नजरेच्या वाटेत हवा कितीतरी पट जास्त येते, तिथं उजेड पुन्हा पुन्हा विखुरतो, वाटेत निळा गळत जातो, वर धूळ आणि धूर, त्यांचे कण मोठे, ते सगळे रंग सारखेच उधळतात, त्यामुळं पांढुरकं होतं. पोरीनं बरोबर पकडलं, की मग जांभळ्याची लांबी तर आणखी आखूड, आभाळ जांभळं का नाही? सूर्याच्या उजेडात जांभळा मुळात कमी असतो, वरच्या हवेत थोडा शोषला जातो, आणि आपला डोळा जांभळ्याला निळ्याइतका तिखट नाही. तिन्ही मिळून निळं.

आता रंकाळा. मेव्हण्याचा गाडी चालवताना घालायचा, चकाकी कापणारा पोलराइज्ड गॉगल मागून आणला होता. नुसत्या डोळ्यानं पाणी छान निळं. गॉगल लावून थोडं तिरकं, उभ्यापासून पन्नासेक अंशावर बघितलं की निळं जातं आणि खाली हिरवट, गढूळ पाणी दिसतं. गॉगल आडवा फिरवला की निळं परत. रामन यांनी बोटीवर केलं तेच, उत्तर उलटं. रंकाळ्याची निळाई आभाळाकडनं उसनी आहे. शुद्ध पाणी लाल रंग थोडाथोडा शोषतं, पण तो परिणाम दिसायला मीटरच्या मीटर स्वच्छ पाणी लागतं, आणि इथं शेवाळाचा हिरवा त्याच्या आधीच जिंकतो. पोरगी पंधरा मिनिटं गॉगल फिरवत बसली होती, भडंग घेऊन आलो तरी हलली नाही.

मला वाईटही वाटलं. चित्रकार आबालाल रहिमान यांनी ज्या काळात हे काठ रंगवले तेव्हा इथलं पाणी कसं असेल असं वाटत राहिलं.

13 मार्च

शॉपमध्ये आज नवीन इन्सर्ट (कापायची टिप) लावून मीडियम कार्बन स्टीलचा जॉब चालू होता, फीड, म्हणजे टिप पुढं सरकायचा वेग, वाढवलं, आणि चिप, म्हणजे निघणारा कीस, निळी निघायला लागली. रोजची गोष्ट आहे, चिप निळी आली म्हणजे उष्णता चिपेबरोबर चाललीय, जॉबमध्ये राहत नाहीये, असं आम्ही नवीन पोरांना शिकवतो. पण आज मी मशीन थांबवून चिप उचलली. हा निळा कुठला? ब्लू तर लावलेला नाही.

स्टील तापलं की वर ऑक्साइडचा थर बसतो. पातळ असताना पिवळसर, मग तपकिरी, मग जांभळट, 300 अंशाच्या आसपास निळा. थराच्या वरच्या बाजूनं परतलेला उजेड आणि खालच्या बाजूनं परतलेला उजेड एकमेकांत मिसळतात, काही रंग कापले जातात, काही उरतात. जाडी बदलली की रंग बदलतो. टेंपरिंग, म्हणजे कडक स्टील परत तापवून त्याचा ठिसूळपणा घालवायचं काम, करणारे जुने मिस्त्री थर्मामीटर नसताना नुसत्या या रंगावर काम करायचे, घड्याळाची स्प्रिंग निळ्यावर आणून विझवायचे.

चिपेवर एमरी पेपर दोनदा ओढला, निळं गायब, खाली पांढरं स्टील. बोटाला काहीच लागलं नाही. आणि शेजारीच सर्फेस प्लेटवरचा ब्लू, तो पुसला तरी तीन दिवस नखात राहतो.

एका टेबलावर दोन निळे. एकात निळा पदार्थ आहे, दुसऱ्यात निळा असा पदार्थच नाही, नुसती जाडी आहे. हे मला आज कळलं आणि घरी येईपर्यंत डोक्यात तेच.

घरी देवघरात मोरपीस होतं. खिडकीसमोर धरून मागनं उजेड येऊ दिला, तर निळा डोळा काळपट तपकिरी. उजेड पुढनं पडला की परत झगमगतं. मोराच्या पिसात निळा रंग नसतोच, काळपट मेलॅनिनच्या बारीक काड्या जाळीसारख्या एकावर एक रचलेल्या असतात, त्यांच्यातलं अंतर ठरवतं की निळा परतवायचा का हिरवा. खंड्या आणि नीलपंख यांचाही निळा असाच रचनेचा, फक्त त्यांच्यात जाळीऐवजी स्पंजासारखी पोकळी असते.

19 मार्च

रंगपंचमी. शॉप बंद. सगळे पावणे घरी, म्हणून चकती बाहेर काढली आणि प्रत्येकाला 24 पट्ट्या दाखवून एकच प्रश्न, "ह्याला काय म्हणायचं?"

आम्ही पुरुष मंडळी: फिकट निळा, निळा, गडद निळा. मेव्हण्यानं नेव्ही ब्लू वाढवला. बास.

माझी बायको आणि आत्या बसल्या आणि आकाशी, अस्मानी, फिरोजी, मोरपिशी, चिंतामणी, इंक ब्लू, नेव्ही, असं करत अकरा नावं आली. रामा कलर चकतीत नाही म्हणून आत्या नाराज, "ह्यात रामा कुठाय? रामा बिगर निळं कसलं?" महाद्वार रोडला साडीच्या दुकानात आयुष्य घातलेल्या बाईला रामा आणि मोरपिशी यांच्यात शंका येत नाही, मला ते दोन्ही एकच वाटत होते. शेजारी शेजारी ठेवून दाखवले तेव्हा दिसले, आणि आता न दिसणं जमत नाही.

ह्यावर लोकांनी खरोखर काम केलंय. रशियन भाषेत निळ्याला एक शब्दच नाही, फिकटाला गोलुबोय आणि गडदाला सिनी, दोन वेगळे रंग, आपल्याला लाल आणि गुलाबी जसे. 2007 च्या एका प्रयोगात रशियन बोलणाऱ्यांनी दोन छटांमधला फरक, त्या छटा या दोन शब्दांच्या हद्दीच्या अलीकडं पलीकडं असतील तर जास्त पटकन ओळखला, इंग्रजी बोलणाऱ्यांत तसा फायदा दिसला नाही. जपानीत आओ हा शब्द निळ्यालाही आणि सिग्नलच्या हिरव्यालाही. 1858 ला ग्लॅडस्टननं, जो पुढं इंग्लंडचा पंतप्रधान झाला, जुना ग्रीक कवी होमर याचं सगळं काव्य चाळून सांगितलं की ह्यात निळ्याला धड शब्द नाही, समुद्र दारूच्या रंगाचा म्हटलाय. त्यावरनं ग्रीकांचे डोळेच कच्चे होते असं लोकांना वाटलं, ते चुकीचं होतं, डोळे आपल्यासारखेच होते. 1969 ला बर्लिन आणि के यांनी बऱ्याच भाषा तपासून मांडलं की काळा पांढरा आधी येतो, मग लाल, मग हिरवा पिवळा, आणि निळा त्याच्या मागनं.

हे सगळं मी आईला सांगत होतो. ती पंच्याहत्तरची आहे. ती म्हणाली, "आपल्यात तरी कुठं येगळं हाय? पोराला मारलं की अंग काळंनिळं पडतंय म्हणतो, नुसतं निळं पडतंय का कधी?" मग ती बोलत सुटली. विठोबा काळा म्हणायचा का निळा? सावळा म्हणायचा, घननीळ म्हणायचा. पावसाचा ढग काळा असतो आणि त्यालाच घननीळ म्हणतो. मला परत बघावं लागलं, संस्कृतात नील म्हणजे गडद, काळपट, निळा, सगळंच. नीलगाय करड्या रंगाची असते, तरी नीलगाय. म्हणजे हा शब्द आपल्याकडं रंगापेक्षा गडदपणाचा जास्त होता, आणि नीळ नावाच्या झाडामुळं, रंगाऱ्याच्या पिंपामुळं तो हळूहळू निळ्यावर येऊन बसला असावा असं मला वाटतं. माझं मत आहे, पण आईच्या एका वाक्यावर मला ते पटलं.

23 मार्च

आईनंच पुढचा विषय दिला. चुन्यात नीळ का घालायचे? पांढऱ्या भिंतीला निळा कशाला? कारण चुना आणि जुना कपडा दोन्ही जरा पिवळट असतात, म्हणजे निळा कमी परतवतात. नीळ उरलेला पिवळा खाते, सगळे रंग सारखे होतात, डोळ्याला पांढरं दिसतं. उजेड वाढत नाही, खरं तर किंचित कमीच होतो.

पण किराणा दुकानातल्या पुडीतल्या निळीचा त्या झाडाशी काही संबंध नाही. ती अल्ट्रामरीन. पूर्वी हा रंग अफगाणिस्तानात बदख्शानच्या खाणीतला लाजवर्द दगड कुटून करायचे, सोन्याच्या भावानं. फ्रान्समध्ये 1824 ला बक्षीस लावलं की स्वस्तात करून दाखवा, सहा हजार फ्रँक, ते गिमे नावाच्या माणसानं मिळवलं. चिनीमाती, सोडा, गंधक, कोळसा भट्टीत भाजायचा. झाडाची नीळ वेगळीच, ती पानं आंबवून निघते, कापड पिंपातनं वर काढताना पिवळट हिरवं असतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. तीही 1897 पासून जर्मनीतनं कारखान्यात बनून यायला लागली.

प्रयोग: बशीत पुडीतली नीळ, त्यावर लिंबू. थोड्या वेळानं रंग फिका पडायला लागला आणि सडक्या अंड्याचा वास. तो गंधकाचा. ह्या निळीत तीन तीन गंधकाचे अणू एका पिंजऱ्यात कोंडलेले असतात, रंग त्यांचा. आम्लानं पिंजरा मोडला.

गोकर्णाच्या फुलाच्या पाण्यात लिंबू: निळ्याचं जांभळं, मग गुलाबी. सोडा टाकला की हिरवट. वास नाही.

6 एप्रिल

पन्हाळा. तीन दरवाजाजवळ, सकाळी साडेनऊ, रंकाळ्यावर धरलेलीच वेळ, तोच नियम. आदल्या दिवशी रंकाळ्यावर डोक्यावरचं 10 होतं. इथं 13. कडेचं 3 होतं, इथं 5.

पोरगी उड्या मारायला लागली, "सोस्यूर बरोबर होता!" पण मी तिला थांबवलं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, पन्हाळा साडेनऊशेच्या. चारशे मीटरनं तीन पायऱ्या हवा पातळ होत नाही. तटावरनं खाली बघितलं तर कारण समोरच होतं, शहरावर आणि उसाच्या फडांवर भुरकट चादर, कुठंतरी पाचट पेटवलेलं, आणि आपण त्या चादरीच्या वर. आम्ही उंची नाही मोजली, खालचा धूर मोजला. तिला पटलं, पण जरा वेळानं.

14 एप्रिल

आज मोजमाप नाही. शॉपमधल्या सहकाऱ्यानं बोलावलं म्हणून संध्याकाळी बिंदू चौकात गेलो. इथला बाबासाहेबांचा पुतळा 1950 चा, ते हयात असताना उभारलेला. सगळा रस्ता निळा, झेंडे, फेटे, अंगावर निळा गुलाल, लहान पोरांच्या पापण्यासुद्धा निळ्या. 1942 ला बाबासाहेबांनी काढलेल्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाचा झेंडा निळा होता, तिथपासनं हा रंग चालत आलाय. मी सहकाऱ्याला विचारलं, तुझ्यासाठी निळा म्हणजे काय? तो म्हणाला, "आभाळाखाली सगळी सारखीच की." महिनाभर मी आभाळाचे आकडे लिहितोय, हे वाक्य वहीत यायलाच पाहिजे म्हणून लिहिलं.

पोरीनं त्याच्या गालावरच्या रंगाला चकती लावून बघितली. 16.

28 एप्रिल

काल दुपारी वळीव झाला, गारा, अर्धा तास. आज सकाळी साडेनऊला गच्चीवरनं डोक्यावरचं 15. कडेचं 6. पन्हाळ्यापेक्षा जास्त, आणि तेही शहरात बसून. धूळ खाली बसली की आपल्या गच्चीवर पन्हाळ्याच्या वरचं आभाळ येतं. 6 एप्रिलला मी जे म्हणालो ते ह्यानं पक्कं झालं, पोरीनं स्वतःहून मान्य केलं.

5 मे

चकतीवरच्या 4 ते 7 नंबरच्या पट्ट्या उन्हानं किंचित उडालेल्या वाटतात. प्रुशियन ब्लू फिकट केला की उन्हात उडतो आणि अंधारात ठेवला की बराचसा परत येतो असं वाचलंय. चकती कपाटात, ब्लूच्या ट्यूबशेजारी, पेपरात गुंडाळून ठेवली.

12 मे

आठवड्यानं काढली. 5 आणि 6 परत वेगळ्या दिसतात. 4 आणि 7 नव्यानं रंगवल्या, ह्यावेळी थेंब पोरीनं एकटीनं मोजले. आत्याच्या सांगण्यावरनं मागच्या बाजूला रामाची एक पट्टी लावली, आभाळासाठी तिचा उपयोग नाही, पण रंकाळ्याचं पाणी गॉगल लावून बघताना लागेल. आज साडेनऊला ढग होते. डोक्यावर, ढगांच्या मधल्या फटीत, 14.